कंपनीने ताफ्यात इलेक्ट्रिक टेम्पो आणले की मुंबईतले डिलिव्हरी ड्रायव्हर नाखूष का होतात?

कारण पैशाचं आहे: गाडी चार्जिंगला उभी राहिली की फेरी बुडते, आणि बहुतेकांची कमाई फेरीवरच ठरते. भिवंडीच्या गोदामातून मालाड-अंधेरीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या मी लावतो, त्यामुळे हे रोज कानावर येतं. टाटा एस ईव्ही या छोट्या इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची, प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर. पण तो चाचणीतला आकडा. भरलेला टेम्पो घोडबंदरचा गायमुख घाट चढतो तेव्हा चार्ज भराभर उतरतो, मग परतीच्या वाटेवर ड्रायव्हर टक्के मोजत बसतो. सीएनजीची रांग कितीही लांब असो, नंबर लागल्यावर गॅस पाच-दहा मिनिटांत भरून होतो. पावसाळ्यात अंधेरी सबवेच्या पाण्याची भीतीही खोटी नाही. आयपी ६७ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं तग; तीही सील शाबूत असेल तर.

मात्र ज्यांचा पगार महिन्याचा, मार्ग ठरलेला आणि गाडी रात्री डेपोतच चार्ज होते, ते लवकर रुळतात. क्लच नाही, इंजिनाची धग नाही. ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही. आमच्याकडे अशा काहींना आता जुना टेम्पो नको असतो.