सूचना वाचत नाहीत, तारीख पाळत नाहीत

सत्र निम्म्यावर आलं की प्राध्यापकांच्या पत्रांचा विषय बदलतो. अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा मागे पडतात आणि एकच तक्रार उरते: मुलं सांगितलेलं करत नाहीत. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या अशा पत्रांपैकी पाच या महिन्यात घेतली आहेत.

प्रश्न : बी.कॉम. द्वितीय वर्षाला माझ्याकडे ८४ विद्यार्थी आहेत. प्रकल्पाच्या सूचना दोन पानांत मुद्देसूद लिहून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या, वर्गात वाचूनही दाखवल्या. तरी महिनाभर रोज कुणीतरी विचारतं, ‘मॅडम, किती पानं? हातानं लिहायचं का टाईप करायचं?’ शेवटच्या रात्री निम्मे जण पाठवतात, वीसेक जण पाठवतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं की ओ मॅडम.’ आणखी किती सांगायचं?
– सहायक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : आणखी सांगू नका. कमी सांगा आणि सांगितल्याबरोबर त्यातलं थोडं करून घ्या.

दोन पानांची सूचना मोबाइलवर सात-आठ वेळा सरकवावी लागते. विद्यार्थ्याला हव्या असतात चार गोष्टी: काय द्यायचं, कसं द्यायचं, कुठे द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं. त्या दोन पानांत विखुरलेल्या असतील तर मजकूर चाळण्यापेक्षा तुम्हाला विचारणं त्याला सोपं जातं. आणि तुम्ही दर वेळी उत्तर देता, म्हणजे वाचायची गरज नाही हेही तुमच्याकडूनच शिकतो. त्या चार गोष्टी पहिल्या चार ओळींत आणा. बाकीचा तपशील खाली राहू द्या.

भाषेकडेही बघा. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं बरीच असतात. ‘संदर्भसूची जोडणे अनिवार्य राहील’ हे वाक्य मराठी घरातल्या मुलालाही परिपत्रकासारखं वाटतं आणि परिपत्रक कुणी वाचत नाही. ‘ज्या पुस्तकातून किंवा माणसाकडून माहिती घेतली, त्यांची नावं शेवटच्या पानावर लिहा’ असं लिहिलं की काय करायचं ते कळतं.

ग्रुपवर सूचना टाकण्यात आणखी एक अडचण आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पहिल्या १५ मिनिटांतच दुरुस्त करता येतो. नंतर चूक लक्षात आली की आपण नवा संदेश टाकतो, मग ‘कृपया आधीचा दुर्लक्षित करावा’ असा तिसरा. आठवड्यानंतर कुणाच्या मोबाइलवर कोणती तारीख खरी हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सूचना एका गुगल डॉकमध्ये ठेवा, ग्रुपवर फक्त त्याची लिंक द्या आणि तो संदेश ३० दिवसांसाठी पिन करा. बदल करायचा झाला तर डॉकमध्येच करा आणि वर ‘बदल : अमुक तारीख’ अशी ओळ घाला. प्रश्न आला की उत्तर न देता लिंक द्या, पण चिडून नव्हे. दोन आठवडे नेमाने हे केलं की प्रश्न बरेच कमी होतात.

आता वर्गातली गोष्ट. ‘काही शंका?’ या प्रश्नाला ८४ जणांच्या वर्गात हात वर होत नाही. त्याऐवजी सूचना दाखवल्यावर अर्धा कागद काढायला सांगा आणि तीन मिनिटांत लिहून घ्या: अंतिम तारीख व वेळ, पानांची संख्या, हस्तलिखित की टंकलिखित, आणि पहिलं काम कोणतं. कागद गोळा करा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर एक तृतीयांश मुलांनी चुकवलं असेल तर ते वाक्य आपलं चुकलं आहे, दुरुस्त करा. आणि ‘सांगितलंच नव्हतं’ म्हणणाऱ्याचा स्वतःच्या अक्षरातला कागद तुमच्याकडे असतो.

तारखेचं मूळ दुखणं मात्र वेगळं आहे. सहा आठवड्यांनी द्यायच्या कामाची पाच आठवडे काहीच खूण दिसत नाही, ना मुलांना ना आपल्याला. शेवटच्या रात्री कळतं की मुलाला विषयच कळलेला नाही. म्हणून एका मुदतीच्या चार करा. समजा प्रकल्प २० गुणांचा आहे आणि विषय नवी पेठेतल्या दहा दुकानांत सोलापुरी चादरीची विक्री कशी होते हा आहे. पहिल्या आठवड्यात विषय आणि एका वाक्यात शोधायचा प्रश्न, २ गुण. तिसऱ्या आठवड्यात प्रश्नावली आणि तिचे भरून आणलेले पाच नमुने, ४ गुण. पाचव्यात तक्ते, ४ गुण. सहाव्यात पूर्ण अहवाल, १० गुण. पहिला टप्पा घरी नेऊ देऊ नका, वर्गातच लिहून घ्या. काम सुरू करणं हेच सर्वांत जड असतं आणि ते तुमच्यासमोर झालं की पुढचं हलकं होतं.

प्रत्येक टप्प्याच्या वेळी पुढच्याची चिठ्ठी लिहून घ्या: कधी, कुठे, काय. ‘गुरुवारी दुपारी ३ वाजता, ग्रंथालयात, पहिले पाच प्रश्न.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. नुसता निश्चय करणाऱ्यापेक्षा वेळ आणि जागा आधी ठरवणारा माणूस काम पार पाडण्याची शक्यता अधिक असते, असं त्यातून दिसलं. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो. जर्नल दर आठवड्याला तपासून घ्यायचं असं सांगूनही सगळी जर्नलं परीक्षेच्या आधीच्या दोन दिवसांत येतात. एकाचं बघून दहा जणांनी लिहिलेली, रीडिंगही तेच, खाडाखोडही त्याच जागी. सही न करावी तर मूल परीक्षेला मुकतं, करावी तर मनाला लागतं.
– अध्यापक, बार्शी

उत्तर : सही जर्नलवर करत असाल तर लढाई आधीच हातची गेलेली असते. सही रीडिंगवर करा, टेबलापाशी, प्रयोग चालू असताना.

प्रत्येकाला रीडिंगसाठी छापील एक पान द्या. त्यावर रोल नंबर, तारीख, उपकरणाचा क्रमांक आणि कोरा तक्ता असू द्या. पेन्सिल चालणार नाही. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, गिरवायचा नाही. प्रयोग संपताना फिरत जाऊन शेवटच्या आकड्याखाली सही आणि वेळ घाला. वीस मुलांच्या बॅचला दहा मिनिटं लागतात. हे पान जर्नलमध्ये चिकटवलेलं नसेल तर तो प्रयोग झालेला नाही, असा नियम करा. मग नकल करण्यासारखं फार उरत नाही.

दुसरा उपाय आकड्यांचा. सगळ्या बॅचला एकच लांबी दिली की उत्तरही एकच येणार. साध्या लंबकाच्या प्रयोगात एका गटाला १०० सें.मी., दुसऱ्याला ८१, तिसऱ्याला ६४ अशा लांब्या द्या. २० आंदोलनांना अनुक्रमे सुमारे ४०, ३६ आणि ३२ सेकंद लागतात. ६४ सें.मी.च्या पानावर ४० सेकंद दिसले की काही विचारावं लागत नाही. रसायनशास्त्राच्या मित्रांनी टायट्रेशनला ०.०९, ०.१० आणि ०.११ नॉर्मल अशा द्रावणांच्या बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहावं.

आणि तपासणी हलकी करा. दर आठवड्याला सगळं जर्नल तपासायचं ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यात आपणच मागे पडतो आणि मुलांना ते बरोबर कळतं. फक्त मागच्या प्रयोगाचं उत्तर, एकक आणि एक आलेख बघा. नव्या प्रयोगाचं साहित्य देताना मागचं पान दाखवायचं, एवढी साखळी पुरते. ज्याचं पान नाही त्याला साहित्य नाकारू नका, नाहीतर तो दोन प्रयोगांनी मागे पडेल. त्याच तासाला शेवटची पंधरा मिनिटं बसवून पान पूर्ण करून घ्या.

प्रश्न : असाइनमेंट गुगल क्लासरूमवर मागवतो. फाइलींची नावं ‘डॉक्युमेंट १’, ‘स्कॅन’, ‘फायनल फायनल’. काही फाइली उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. काही जण ‘टाकलंय सर’ म्हणतात, पण माझ्याकडे काही दिसत नाही.
– प्राध्यापक, पंढरपूर

उत्तर : शेवटचं आधी. फाइल जोडून ‘टर्न इन’ दाबायचं राहतं, म्हणून काम जमा होत नाही आणि मुलाला ते केल्यासारखं वाटतं. पहिल्या असाइनमेंटच्या आधी वर्गातच एक कोरी फाइल सगळ्यांकडून पाठवून घ्या, कोण अडतं ते तिथेच समजेल.

भलती अक्षरं दिसतात त्याचं कारण कृतिदेव, श्री-लिपी यांसारखे जुने फॉन्ट. सायबर कॅफेत टाइप करून आणलेल्या मजकुरात ते अजून सर्रास असतात. यूनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड यूनिकोडच आहे. फाइल पीडीएफ करूनच द्यायची. नाव मात्र ठरवून द्या: रोल नंबर आधी, मग विषय, मग असाइनमेंटचा क्रमांक. रोल नंबर तीन अंकी ठेवा, ७ नव्हे ००७, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात.

नियम न पाळलेली फाइल स्वतः नाव बदलून ठेवू नका. न तपासता परत करा, एका ओळीच्या कारणासह.

प्रश्न : मी सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर) आहे. उशिरा आलेल्या कामाचे गुण कापले की मुलं विभागप्रमुखांकडे जातात आणि वरून निरोप येतो, ‘देऊन टाका’. पुढच्या वेळी कुणीच वेळ पाळत नाही. तासिकेवर काम करणाऱ्यानं शिस्त लावायचीच नाही का?
– अक्कलकोट तालुका

उत्तर : लावायची, पण एकट्यानं नाही. तुमचा नियम तुमच्या नावावर आहे तोवर तो मोडायला एक फोन पुरतो. तोच विभागाचा झाला की मोडणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं. सत्राच्या पहिल्या बैठकीत मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या, अध्यापन आराखड्यात छापा आणि मुलांच्या सह्या घ्या.

नियम असा असावा की तो पाळणं कुणालाही जड जाऊ नये. एक दिवस उशीर झाला तर मिळालेल्या गुणांतून दहा टक्के कमी, दोन दिवसांना वीस, तीन दिवसांना तीस. त्यानंतर विभागानं ठरवलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत काम स्वीकारायचं, पण निम्मेच गुण. तो दिवस विद्यापीठाला गुण भरण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी ठेवा. उशीर झाला की थेट शून्य, हा नियम कडक दिसतो पण टिकत नाही. शून्य ठरल्यावर मुलगा काम करतच नाही आणि शेवटी दया येऊन आपणच त्याला पास करतो. वरून येणारा ‘देऊन टाका’ हा निरोप बहुतेक वेळा शून्यासाठीच असतो, दहा टक्क्यांसाठी क्वचितच.

जमा करण्याची एक वही ठेवा: रोल नंबर, तारीख, वेळ, विद्यार्थ्याची सही. वाद आला तर ती पुढे करा आणि गप्प राहा.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तपासणीचे तास सीएचबीच्या मानधनात धरले जात नाहीत. त्यामुळे वर सांगितलेल्या चार टप्प्यांपैकी पहिले तीन वर्गातच बघा, ‘झालं / अपुरं’ एवढाच शेरा द्या आणि घरी फक्त शेवटचा अहवाल न्या. स्वतःला पिळून चालवलेली पद्धत पुढच्या सत्रात टिकत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातली काही मुलं अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यात शिफ्ट करतात, काही मुली घरी आईबरोबर विड्या वळतात, काही मोहोळ-मंगळवेढ्याहून एसटीनं येतात. त्यांच्याकडून मुदतीचा आग्रह धरताना अपराधी वाटतं. सवलत दिली तर बाकीचे तेच कारण सांगतात. काय करावं?
– प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : तुम्हाला वाटणारा अपराधीपणा चांगल्या शिक्षकाचा आहे, पण त्यातून नियम काढू नका. सवलत मागण्याचं धाडस असणाऱ्याला ती मिळते, आणि खरी अडचण असलेली मुलगी बहुतेक वेळा बोलतच नाही. म्हणून सवलत सगळ्यांना सारखी द्या: सत्रात एकदा, दोन दिवस, कारण न विचारता. अट एकच, ती मुदत संपण्याआधी मागायची. नंतर आलेली विनंती वर दिलेल्या टक्केवारीनं जाईल. कारण विचारायचंच नाही म्हटल्यावर खोटं बोलायची गरज उरत नाही आणि घरची अडचण वर्गासमोर उघडी पडत नाही.

मुदतीची वेळही बदला. गुगल क्लासरूममध्ये वेळ न घालता नुसती तारीख दिली की मुदत रात्री ११:५९ ची लागते. रोजच्या ठरावीक डेटाच्या रिचार्जवर चालणाऱ्या मोबाइलचा डेटा बहुधा संध्याकाळीच संपलेला असतो आणि नवा मिळतो तो मध्यरात्रीनंतर. म्हणजे ज्या मिनिटाला मुदत संपते त्याच मिनिटाला मुलांच्या हातात इंटरनेट नसतं. दुसऱ्या पाळीचा मुलगा तर तेव्हा मशीनवर असतो. मुदत कामाच्या दिवशी दुपारी २ ची ठेवा, म्हणजे मुलं कॉलेजात असतात, वायफाय असतं, अडलं तर तुम्हीही असता. सोमवार टाळा. रविवारी राहिलेलं काम मंगळवारपर्यंत उरकतं.

तारखा ठरवताना शेजारी पंचांग ठेवा. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वराची यात्रा आणि तिचा गड्डा, म्हणजे जत्रा, असतो, शहरातली निम्मी मुलं त्या गर्दीत दुकानावर किंवा घरच्या पाहुण्यांत गुंतलेली असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवरच्या एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. या दिवसांत मुदत ठेवली तर ती मोडणारच, आणि एकदा मोडलेल्या मुदतीनंतरच्या सगळ्याच ढिल्या पडतात.

सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या छोट्या टप्प्याकडे द्या. ज्यांनी तो दिला नाही त्यांची यादी त्याच दिवशी काढा. ८० च्या वर्गात दहा-बारा नावं निघतील. आठवडा उलटण्याआधी प्रत्येकाशी वर्गाबाहेर, एकट्यानं, दोन मिनिटं बोला. ‘का दिलं नाहीस?’ असं विचारलं की सबब ऐकू येते. ‘कुठे अडलंय?’ असं विचारलं की कधी विषय कळलेला नसतो, कधी मोबाइल भावाकडे असतो, कधी शिफ्ट बदललेली असते. तिथेच एक छोटं काम ठरवा, दिवस ठरवा, आणि त्या दिवशी ते आठवणीनं मागा.