लकव्याच्या रुग्णांनी रोबोटवरचा हाताचा व्यायाम रोज करावा, यासाठी गेम कसा असावा?

तुमच्या प्रकल्पातलं यंत्र विदर्भातल्या खेड्यात चालावं, रुग्णांना कंटाळा येऊ नये, म्हणून तुम्ही गेमबद्दल विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं ऐकाल तर गेमच्या आधी मोटरकडे बघा.

यंत्रानं हात आयता उचलून नेला की रुग्ण जोर लावणं सोडतो. मुद्दाम नाही, शरीराची सवयच तशी. म्हणून मदत उशिरा आणि अडेल तेवढीच द्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात होगन आणि क्रेब्स यांच्या चमूनं १९९०च्या दशकात आणलेला एमआयटी-मॅनस हा हाताच्या व्यायामाचा रोबोट असाच, हात भरकटला तर हलकेच सावरणारा. तरीही २०१९ साली ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत त्यावरच्या व्यायामानं हाताचं कामकाज नेहमीच्या उपचारापेक्षा फारसं सुधारलं नाही. मला वाटतं, पडद्यावरचा ठिपका हलवणं आणि भाकरीचा तुकडा मोडणं यातलं अंतर तिथं आडवं येतं.

माझ्याकडच्या एका मावशींना फुगे फोडायच्या गेममध्ये रस नव्हता. हातात पऱ्हाटीचं बोंड दिलं तर सरसावून बसल्या. कापूस चिमटीत धरला, ओढलाही, पण बोटं उघडेनात. शेवटी दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवलं. लकव्यानंतर मूठ आवळणं लवकर जमतं, उघडणं फार अवघड जातं. गुण द्यायचे तर त्या उघडण्याला द्या.

हात लांब करायला सांगितलं की रुग्ण कोपर तसंच ठेवून कमरेतून पुढं वाकतात. गेम त्यालाही गुण देतो आणि चुकीची सवय पक्की होते. हे वाकणं कळावं म्हणून छातीवर साधा सेन्सर लावा. तुलना रुग्णाच्या कालच्या कामगिरीशी करा, शेजाऱ्याशी नको. आणि कोणी यंत्राला हातच लावत नसेल तर लगेच कंटाळा समजू नका. लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, त्यासाठी डॉक्टर हवा.

वीज गेली तर व्यायाम जिथं थांबला तिथूनच सुरू व्हावा. वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे वावरात असतात, रुग्ण दिवसभर एकटा. त्यामुळे यंत्राचा पट्टा एका हातानं, कोणाच्या मदतीशिवाय बांधता येतो का, हे आधी स्वतः करून बघा. नाही जमलं तर बकल बदला, गेमचं नंतर बघू.