आय-थ्रीमध्ये मराठी कळफलक लावला की शॉर्टकट का बंद पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आय-थ्री या लिनक्सवरच्या खिडकी-व्यवस्थापकाच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) दोन शॉर्टकट ठेवले आहेत. एक 'सेटएक्सकेबीमॅप आयएन' (कळफलकाचा लेआउट, म्हणजे कळांवरच्या अक्षरांची मांडणी, देवनागरी करणारी आज्ञा) चालवतो, दुसरा इंग्रजीसाठी 'सेटएक्सकेबीमॅप यूएस'. मराठीत जाता येतं, पण तिथे पोचल्यावर मॉड+डी, मॉड+शिफ्ट+क्यू (मॉड म्हणजे शॉर्टकटांसाठी निवडलेली विंडोज किंवा अल्ट कळ) असं काहीच चालत नाही आणि इंग्रजीत परतायचा शॉर्टकटही मेलेला असतो. मॉड+एंटर मात्र चालतो. पुढे स्वे या आय-थ्रीसारख्याच व्यवस्थापकावर जायचं आहे, तिथेही हेच होईल का?

(आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे, फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाका.)

मॉड+एंटर चालतो, यातच उत्तर आहे. कॉन्फिगमधला 'बाइंडसिम', म्हणजे शॉर्टकट नेमणारी ओळ, कळेच्या जागेला बांधलेला नसतो, त्या कळेतून निघणाऱ्या चिन्हाला बांधलेला असतो. 'आयएन'च्या मूळ लेआउटमध्ये, म्हणजे इनस्क्रिप्टमध्ये, डी या कळेतून हलन्त निघतो, एफमधून ऱ्हस्व वेलांटी, जेमधून र. 'सेटएक्सकेबीमॅप आयएन' म्हटलं की आधीचा लेआउट पूर्ण जातो आणि त्या जागी फक्त देवनागरी येतो. मग आय-थ्री 'डी' हे चिन्ह शोधतो आणि ते कळफलकावर कुठेच नसतं. एंटर, बाण आणि एफ-१ ते एफ-१२ या कळा दोन्ही लेआउटमध्ये सारख्याच असतात, म्हणून त्या वाचतात.

तेव्हा लेआउट बदलू नका. कॉन्फिगमधल्या या ओळीने दोन्ही एकदम भरा आणि कॅप्स लॉकने त्यांच्यात अदलाबदल करा:

एक्झेक_ऑलवेज --नो-स्टार्टअप-आयडी सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -ऑप्शन '' -ऑप्शन जीआरपी:कॅप्स_टॉगल -ऑप्शन जीआरपी_एलईडी:कॅप्स

आय-थ्री सगळे बाइंडसिम पहिल्या लेआउटवरून कळांच्या क्रमांकांत बदलून घेतो आणि ते सर्व लेआउटमध्ये लागू ठेवतो. म्हणून यूएस पहिला हवाच. 'आयएन,यूएस' असा उलटा क्रम दिलात तर मूळचाच त्रास परत येईल, आणि तोही इंग्रजीत टाइप करत असताना, त्यामुळे कारण शोधणं जास्त अवघड जाईल.

ओळीतला रिकामा '-ऑप्शन' गाळू नका. सेटएक्सकेबीमॅप नवे पर्याय जुन्यांत मिळवत जातो. रिकामा पर्याय आधीचे पुसतो. तो नसला तर गेल्या आठवड्यात करून पाहिलेली अदलाबदलीची कळ आजच्या कळेसोबत जिवंत राहते. शंका आली तर 'सेटएक्सकेबीमॅप -क्वेरी' चालवा, सध्या काय काय लागू आहे ते दिसतं.

इनस्क्रिप्टऐवजी उच्चारानुसारी कागापा हवा असेल तर '-व्हेरियंट ,मार-कागापा' जोडा (व्हेरियंट म्हणजे लेआउटचा उपप्रकार). सुरुवातीचा स्वल्पविराम महत्त्वाचा आहे: त्याच्या आधीची रिकामी जागा यूएसची. तो विसरलात तर मराठीचा व्हेरियंट यूएसला लागतो, असा व्हेरियंट तिथे नसतोच, आणि नवा कळफलक भरता आला नाही अशी चूक येते. रोज मराठी लिहिणार असाल तर मी इनस्क्रिप्टच सुचवेन. ळ शिफ्ट+एनवर आणि ऱ शिफ्ट+जेवर एका दाबात मिळतात. 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' लिहिणाऱ्या भाषेला याचं मोल आहे.

अदलाबदलीची कळ निवडताना बहुतेक जण फसतात. 'विन_स्पेस_टॉगल' सोयीची वाटते, पण मॉड म्हणजे विंडोज कळ असेल तर आय-थ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये मॉड+स्पेस तरंगत्या आणि फरशांसारख्या शेजारी मांडलेल्या (टाइलिंग) खिडक्यांमध्ये फोकस हलवायला ठेवलेली असते. 'अल्ट_शिफ्ट_टॉगल'चंही तसंच: मॉड म्हणून अल्ट घेतली असेल तर मॉड+शिफ्टच्या प्रत्येक शॉर्टकटला लेआउटही उलटतो. कॅप्स लॉकची कळ कुणाच्या वाटेत येत नाही, आणि वरच्या ओळीतल्या एलईडीच्या पर्यायामुळे मराठीत असताना कॅप्सचा दिवा पेटतो. पट्टीवर वेगळं चिन्ह लावायची गरज उरत नाही.

एक्झेकची ओळ पुरेशी वाटेल, पण यूएसबी कळफलक काढून परत जोडलात की त्याला एक्सचे (आय-थ्री ज्यावर चालतो त्या पडदा-प्रणालीचे) मूळ लेआउट मिळतात आणि तुमची ओळ पुन्हा चालत नाही. म्हणून सेटिंग मुळातच घाला. सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) असलेल्या बहुतेक लिनक्स वितरणांत:

लोकलसीटीएल सेट-एक्स११-कीमॅप यूएस,आयएन पीसी१०५ "" जीआरपी:कॅप्स_टॉगल,जीआरपी_एलईडी:कॅप्स

तिसरी जागा व्हेरियंटची, इनस्क्रिप्टसाठी ती रिकामी. डेबियन घराण्यात '/ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड' ही फाइल आहे. तिथे एक्सकेबीलेआउट आणि एक्सकेबीऑप्शन्स भरा. बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर दिसतो. हे झालं की कॉन्फिगमधली एक्झेकची ओळ काढून टाका.

आता स्वे. तिथे साध्या बाइंडसिमचं कळांच्या क्रमांकांत भाषांतर आपोआप होत नाही, त्यामुळे यूएस पहिला ठेवूनही मराठीत शॉर्टकट मरतात. आय-थ्रीची फाइल जशीच्या तशी नेणाऱ्यांना हे हमखास भोवतं. इनपुटचा भाग असा लिहा:

इनपुट टाइप:कीबोर्ड {
एक्सकेबी_लेआउट यूएस,आयएन
एक्सकेबी_ऑप्शन्स जीआरपी:कॅप्स_टॉगल
}

आणि प्रत्येक बाइंडसिमनंतर '--टू-कोड' घाला. ओळी पन्नास असतील तर 'बाइंडसिम --टू-कोड {' असा एक कंस उघडून सगळ्या आत टाका; कंसाआधीचा मजकूर स्वे आतल्या प्रत्येक ओळीला जोडून वाचतो. इथेही भाषांतर पहिल्या लेआउटवरून होतं, म्हणून क्रम तोच. फाइल बदलली की 'स्वे -सी' (मोठा सी) चालवून तपासा, मगच रीलोड करा. आय-थ्रीलाही हाच पर्याय आहे.

कुलूपपडद्याचा विचार आधीच करून ठेवा. मराठीत लिहिता लिहिता पडदा लॉक झाला तर पासवर्ड देवनागरीत जातो, दिसतात फक्त ठिपके, आणि माणूस पासवर्ड विसरलो असं समजतो. लॉक करायच्या आधी लेआउट परत पहिल्यावर आणा:

स्वेएमएसजी इनपुट टाइप:कीबोर्ड एक्सकेबी_स्विच_लेआउट 0 && स्वेलॉक -के

मोजणी शून्यापासून आहे, म्हणून 0 म्हणजे यूएस. '-के' (लहान के) दिल्यावर टाइप करताना चालू लेआउटचं नाव दिसतं. आय-थ्रीत हेच काम 'एक्सकेबी-स्विच -एस यूएस && आय-थ्रीलॉक' करतं; एक्सकेबी-स्विच वेगळं बसवावं लागतं.

रोमन अक्षरांत 'namaskar' च्या धर्तीवर लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर एक्सकेबीने, म्हणजे वरच्या लेआउटच्या यंत्रणेने, भागणार नाही, आयबस ही लेखन-प्रणाली आणि तिच्यासाठीचं एम१७एन लागतील. तेव्हा दोन गोष्टी लगेच करा. आयबसची मूळ अदलाबदलीची कळ विंडोज+स्पेस आहे, ती बदला. आणि आयबस-सेटअपच्या प्रगत भागात प्रणालीचाच कळफलक लेआउट वापरा हा पर्याय चालू करा, नाहीतर आयबस तुमचा लेआउट स्वतःच्या मर्जीने बदलत राहतो. स्वेवर मात्र मी आयबसऐवजी एफसीआयटीएक्स५ घेईन.

लिहिता आलं तरी दिसणं वेगळं. प्रोग्रॅम उघडायचा मेनू, डीमेन्यू, अक्षरं जोडत नाही, त्यात वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. त्याऐवजी रोफी घ्या, ते अक्षरं नीट जुळवणारं पँगो वापरतं. आय-थ्रीच्या फाइलमध्येही फाँटची ओळ 'फाँट पँगो:' ने सुरू होऊ द्या, म्हणजे खिडक्यांची मराठी शीर्षकं आणि '१: लेखन' सारखी कार्यपटलांची नावं नीट उमटतील. अलाक्रिटी टर्मिनलही जोडाक्षरं जुळवत नाही; मराठी मजकूर तिथे संपादित करू नका.

आणि हे सगळं बसेपर्यंत सुटकेची एक कळ ठेवा: 'बाइंडसिम मॉड+एफ12 एक्झेक सेटएक्सकेबीमॅप यूएस'. एफ-१२ कुठल्याच लेआउटमध्ये बदलत नाही, त्यामुळे आत्ता अडकला असाल तरी ती चालेल.