शेअर्ड फोल्डरमधली एक्सेल फाइल 'करप्ट आहे' म्हणते, पण डेस्कटॉपवर कॉपी केली की उघडते. सर्व्हर बदलल्यापासून हे सुरू झालंय, नवीन ड्राइव्ह आयपीने (सर्व्हरच्या आकड्यांच्या पत्त्याने) मॅप केलाय, म्हणजे जोडलाय. काय करू?

डेस्कटॉपवर उघडतेय ना, मग फाइल धडधाकट आहे, आधी तो मेसेज डोक्यातून काढा आणि कृपा करून जुना बॅकअप तिच्यावर टाकू नका. मी फोर्टला एका सीएंच्या ऑफिसात सिस्टिम सांभाळतो, आमच्याकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्नच्या धावपळीत हेच झालं, एक मॅडम घाबरून मागच्या शुक्रवारचा बॅकअप चढवायला निघाल्या होत्या, चार दिवसांच्या एंट्र्या गेल्याच असत्या, मी अक्षरशः माउस धरला त्यांचा.

तुम्ही लिहिलंय की सर्व्हर बदलल्यापासून सुरू झालं आणि नवीन ड्राइव्ह आयपीने मॅप केलाय. माझा पहिला संशय तिथेच. \\१९२.१६८.१.१० असा टिंबं असलेला पत्ता दिसला की विंडोज त्याला बाहेरचं इंटरनेट समजतं, समोरच्या टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर असला तरी. मग एक्सेल ती फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचता येईल अशा सुरक्षित मोडमध्ये उघडायला जातं, तिथे अडकलं की सरळ 'करप्ट' म्हणून मोकळं होतं. ड्राइव्ह डिसकनेक्ट करा आणि आयपीऐवजी सर्व्हरच्या नावाने परत मॅप करा, आमचं तेवढ्यानेच सुटलं. नावाने सापडत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, अॅडव्हान्स्ड, तिथे तो आयपी टाका. प्रोटेक्टेड व्ह्यू मात्र बंद करू नका, यूट्यूबवर सगळे तेच सांगतात पण मेलवरून येणाऱ्या खोट्या इन्व्हॉइसपासून तोच वाचवतो.

फक्त काहीच फाइल्स अडत असतील तर पाथची, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याची लांबी बघा. एक्सेलला फोल्डरांसकट २१८ अक्षरांपर्यंतच चालतं, आणि आपण क्लायंटचं पूर्ण नाव, वर्ष, परत तेच नाव, 'फायनल', 'फायनल नवीन' असं आत आत करत जातो. डेस्कटॉपवर पाथ छोटा होतो म्हणून तिथे उघडते. वरच्या फोल्डरांची नावं कापा.

'दुसऱ्या कोणी उघडलीय' असा मेसेज असेल तर तो वेगळा प्रकार. एक्सेल मध्येच बंद पडलं की ~$ ने सुरू होणारी लपलेली फाइल मागे राहते. सगळ्यांनी एक्सेल बंद केलंय याची खात्री करून तेवढीच डिलीट करा.

आणि तोपर्यंत डेस्कटॉपच्या कॉपीवर काम एकानेच करा, नाहीतर संध्याकाळी दोन फाइल्स जुळवत बसाल.