गाडीत फ्रीज ठेवायचाय? आधी बॅटरीकडे बघा

प्रवासात नेता येण्याजोग्या फ्रीजविषयी बरीच पत्रं साठली होती. या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतो. फ्रीज दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, त्यातली बरीच वर्षं गाड्यांत आणि होड्यांत फ्रीज बसवण्यात गेली. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

काका, आम्ही दोघं आणि आमची मुलगी सुट्टीत गाडी घेऊन जातो आणि तंबूत राहतो. मुक्काम दोन रात्रींचा. दुकानात सारख्याच आकाराच्या दोन पेट्या पाहिल्या. दोन्हींवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलंय, पण एक दुसरीपेक्षा कितीतरी महाग. दुकानदार म्हणतो, दोन्ही फ्रीजच आहेत. मग फरक कशाचा?

फरक आतल्या यंत्राचा आहे. स्वस्त पेटीत बहुतेक पेल्टिए पट्टी असणार. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज सोडली की एक सांधा थंड आणि दुसरा गरम होतो, हे झाँ पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवलं. आज त्याच तत्त्वावर जेमतेम ४ सेंटिमीटरची चौकोनी पट्टी बनते. तिच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पात्या आणि पंखे लावले की पेटी तयार. यंत्र साधं, वजनाला हलकं, पण त्याची धाव ठरलेली: बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १८ ते २० अंश खाली. बाहेर २२ अंश असतील तर काम उत्तम होतं. बाहेर ३८ असतील तर आत १८ ते २०, आणि त्या तापमानाला दूध संध्याकाळपर्यंतही टिकायचं नाही. शिवाय अशा बऱ्याच पेट्यांना थर्मोस्टॅट (तापमान गाठलं की यंत्र थांबवणारा भाग) नसतो. त्या ४ ते ५ अँपिअर अखंड ओढत राहतात, म्हणजे दिवसाला हजार वॉट-तासांच्या पुढे. घरून थंड करून घेतलेल्या वस्तू गाडी चालू असेपर्यंत गार ठेवणं, एवढ्याच कामाला ती घ्यावी.

महाग पेटीत कंप्रेसर असतो, अगदी घरच्या फ्रीजसारखा, फक्त १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. बाहेर कितीही उकाडा असो, तो आत ४ अंश राखतो आणि हवं तर उणे १८ पर्यंत जातो. तापमान गाठलं की थांबतो. दोन रात्रींच्या मुक्कामाला दुसरा पर्याय मी सुचवणार नाही.

ओळखायचं कसं? पेटी उचलून बघा. रिकामी असतानाही दहा-बारा किलोंच्या पुढे भरली तर आत कंप्रेसर असण्याची शक्यता मोठी. मग माहितीपत्रक वाचा. त्यात किमान तापमान सरळ अंशांत दिलंय की ‘बाहेरच्या तापमानापेक्षा इतकं कमी’ असं लिहिलंय, ते पाहा. दुसऱ्या प्रकारचं वाक्य दिसलं की ती पेल्टिए समजा.

तिघांना ३५ ते ४५ लिटर पुरतो. पण लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. तुम्ही नेहमी नेता ती पाण्याची बाटली सोबत घ्या आणि दुकानातच उभी करून पाहा. कंप्रेसरच्या वरच्या भागात तळ उथळ असतो आणि तिथे बाटली आडवीच राहते. झाकण पूर्ण उघडून तळापासूनची उंची मोजा आणि ती डिकीच्या उंचीशी पडताळा. झाकण अर्धंच उघडतं म्हणून परत केलेले फ्रीज मी पुष्कळ पाहिलेत. झाकण वर असलेलाच घ्या. थंड हवा जड असते. पुढून दार उघडलं की ती पायांवर सांडते, वरून उघडलं तर आतच बसून राहते.

रात्रभर गाडी बंद ठेवून फ्रीज चालू ठेवला, तर सकाळी गाडी सुरू होईल ना?

हा प्रश्न फ्रीज घेण्याआधी विचारलात, फार बरं केलंत. बहुतेक जण आधी फ्रीज घेतात आणि मग बॅटरीकडे वळतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

हिशेब सोपा आहे. ४० लिटरचा चांगला कंप्रेसर फ्रीज चालताना साधारण ४५ वॉट घेतो. तो सतत चालत नाही. सावलीत असला, भरलेला असला आणि झाकण कमी उघडलं गेलं, तर दिवसाच्या एक तृतीयांश वेळ. ऊन असेल तर निम्मा वेळ. म्हणजे दिवसाला ३६० ते ५४० वॉट-तास, १२ व्होल्टवर ३० ते ४५ अँपिअर-तास (बॅटरीची साठवण याच मापात मोजतात). लहान गाडीची बॅटरी साधारण ४५ ते ६० अँपिअर-तासांची असते, आणि ती बनवलेली असते इंजिनाला जोरात एक झटका द्यायला. तिला निम्म्याखाली उतरवलं तर सुरुवात अवघड होते, आणि वारंवार उतरवलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. एक रात्र निघेल. दोन रात्रींचा भरवसा मी देणार नाही.

चांगल्या फ्रीजमध्ये बॅटरी वाचवणारी तीन पातळ्यांची सोय असते: कमी, मध्यम, उच्च. गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवत असाल तर ‘उच्च’ निवडा. व्होल्टेज थोडं उतरताच फ्रीज आपणहून बंद होईल आणि सकाळी इंजिन लागेल. ‘कमी’ ही पातळी फक्त फ्रीजसाठी ठेवलेल्या वेगळ्या बॅटरीसाठी.

दोन रात्रींसाठी ती वेगळी बॅटरीच घ्या. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर त्यातले ८०-९० वापरता येतात. तेवढ्याच आकड्याची लेड-ॲसिड असेल तर ५० च धरा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर (बॅटरीला लागतं तेवढं व्होल्टेज राखून देणारं यंत्र) हवाच. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच खाली आणतात. चार्जर नसेल तर तुम्ही दिवसभर गाडी चालवाल आणि बॅटरी अर्धीच भरलेली राहील.

सोलर पॅनेलचं विचारणारेही आहेत. टपावर आडवं ठेवलेलं १०० वॉटचं पॅनेल कडक उन्हाच्या दिवशी साधारण ३०० ते ४०० वॉट-तास देतं. फ्रीजचा मोठा वाटा त्यातून निघतो. मात्र गाडी उन्हात उभी केली तर पॅनेलची कमाई फ्रीजच खाऊन टाकतो. सुटं पॅनेल घ्या, ते उन्हात पसरा आणि गाडी झाडाखाली लावा.

आणि १२ व्होल्टचा फ्रीज इन्व्हर्टर लावून घरगुती पिनेवर चालवू नका. वीज एकदा चढवायची आणि ॲडॉप्टरने पुन्हा उतरवायची, यात दोनदा गळती.

माझा कंप्रेसर फ्रीज घरी झकास चालतो. गाडीत मागच्या सॉकेटला लावला की दहा मिनिटांत एरर दाखवून बंद पडतो. मेकॅनिक म्हणतो, कंप्रेसर गेला. बदलू का?

थांबा, दादा. कंप्रेसर गेला असता तर घरीही चालला नसता. हा दोष बहुतेक वायरीचा आहे.

अशाच तक्रारीची एक गाडी माझ्याकडे आली होती, तिचं सांगतो. इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावला: १२.६ व्होल्ट. ठीक. मागच्या सॉकेटवर, फ्रीज न लावता: पुन्हा १२.६. मालक म्हणाले, बघा, सॉकेट तर चांगलं आहे. मग फ्रीज लावला आणि मीटरच्या सुया प्लगच्या मागे धरून ठेवल्या. पंखा सुरू झाला, आकडा १२.३ वर आला. काही सेकंदांनी कंप्रेसरने वेग घेतला आणि आकडा ११.३ वर घसरला. नियंत्रकावरचा बारीक दिवा एकदा लुकलुकला, थांबला, पुन्हा एकदा लुकलुकला. डॅनफॉस घराण्याच्या डीसी कंप्रेसरवर (हेच आता सेकॉप नावाने मिळतात) एकदाच लुकलुकणं म्हणजे व्होल्टेज कमी. प्लग बाहेर काढला तर त्याचं टोक हाताला चटका देत होतं आणि सॉकेटच्या तळाशी काळा डाग पडला होता. लायटरसाठी बनलेलं सॉकेट गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतं, सैल सांधा तापतो आणि तापला की आणखी व्होल्टेज खातो.

वायरीचंही गणित करून बघा. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर, जाऊन-येऊन १०. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ६ अँपिअर गेले तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट जातात. तेच ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.१८. तेव्हा बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार ओढून घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज बसवा आणि मागे अँडरसनसारखा पक्का पकडणारा कनेक्टर लावा. फ्यूज फ्रीजजवळ बसवून भागत नाही. तार मध्येच कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरीकडचा फ्यूजच आग टाळतो. तुमच्या मेकॅनिकला फ्रीज चालू असताना प्लगवरचं व्होल्टेज मोजायला सांगा. ते न मोजता कंप्रेसर बदलायला निघालेल्या माणसाच्या हाती फ्रीज देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आमची शिडाची छोटी होडी आहे. मित्राच्या कॅराव्हॅनमध्ये गॅसवर चालणारा फ्रीज आहे, अजिबात आवाज नाही. तसाच होडीत बसवावा म्हणतो.

नको. त्या फ्रीजचं मला मोठं कौतुक आहे. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांतून फिरतात, आत हलणारा एकही भाग नाही, ज्योतीच्या उष्णतेवर थंडी तयार होते. पण आतला द्रव केवळ उतारावर वाहतो, म्हणून फ्रीज जवळपास समतल लागतो. शिडाची होडी वाऱ्यात १५-२० अंश कलून तासन्‌तास चालते. तेवढ्या वेळात तो थंड करणं सोडून देईल आणि कायमचा बिघडूही शकेल. कंप्रेसर फ्रीज ३० अंशांपर्यंतचा कल बहुधा सहन करतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गाडीत गळला तर दार उघडल्यावर बाहेर निघून जाऊ शकतो, होडीत तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. बंद केबिनमध्ये ज्योत जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. तंबूत गॅसचा फ्रीज ठेवू का, असं विचारणाऱ्या दुसऱ्या वाचकांनाही हेच उत्तर: कधीही नाही.

होडीत वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. फ्रीज पट्ट्यांनी बांधा. कंप्रेसरच्या जाळीपुढे हाताच्या पंज्याएवढी जागा मोकळी सोडा. गरम हवा बाहेर पडली नाही तर तो दिवसभर धावेल आणि तरी आत थंड होणार नाही.

मला इन्सुलिन घ्यावं लागतं. लांबच्या प्रवासात फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल ना?

ताई, चालेल, पण इथे गार न होण्यापेक्षा गोठण्याची भीती जास्त. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नाही, दिसायला चांगलं दिसलं तरी. कंप्रेसर फ्रीजच्या आतल्या भिंती आकड्यापेक्षा थंड असतात, कारण थंड करणारी नळी त्यांच्याच मागे असते. फ्रीज ५ अंशांवर लावा, इन्सुलिन डब्यात घालून मधोमध आणि वरच्या बाजूला ठेवा. गोठवलेल्या बाटलीला ते टेकू देऊ नका. किमान-कमाल नोंद ठेवणारा छोटा थर्मामीटर त्याच डब्यात टाका. फ्रीजचा आकडा एका जागेचा असतो, तुमच्या डब्यातला नव्हे. दोन खान्यांचा फ्रीज असेल तर फ्रीझरच्या खान्याला लागून असलेली भिंत टाळा. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा काही आठवडे बाहेरही चालतं. किती दिवस आणि किती अंशांपर्यंत, ते औषधाच्या पत्रकात असतं, तेच प्रमाण माना.

दोन दिवसांसाठी बर्फाची पेटी पुरणार नाही का? उगाच खर्च कशाला?

जाड पफच्या (थंडी धरून ठेवणाऱ्या फोमच्या) भिंतींची पेटी असेल तर पुरेल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता शोषतो, म्हणजे सुमारे ९३ वॉट-तास. पाच किलो बर्फ हा चांगला साठा आहे. फक्त वस्तू घरूनच थंड करून भरा. ३० अंशांचं दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायला जवळपास तीन किलो बर्फ खर्ची पडतो. फ्रीजवाल्यांनीही हेच करावं: निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज थंड करून, भरून ठेवावा. रस्त्यावर बॅटरीला मग थंडी टिकवण्यापुरतंच काम उरतं.

जुना कंप्रेसर फ्रीज मिळतोय. घेताना काय पाहू?

विकणाऱ्याला सांगा, मी पोचेन तेव्हा फ्रीज बंद आणि आतून कोमट असू दे. मग बॅटरीवर लावा आणि अर्धा तास बसा. तेवढ्यात आतली भिंत हाताला स्पष्ट गार लागली पाहिजे. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी धरून चारही बाजूंनी ओढा. कुठे सहज सुटली तर तिथून थंडी गळते, पण रबर बदलता येतं. घरी आणताना आडवा करावा लागला, तर उभा करून काही तास थांबा आणि मगच सुरू करा, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कंप्रेसरमध्ये परत उतरेल.

आणि विकणारा ‘गॅस थोडा कमी आहे, भरून घ्या’ म्हणाला तर सोडून द्या. हे यंत्र कारखान्यात झाळून कायमचं बंद केलेलं असतं. आतला वायू कमी झाला याचा अर्थ कुठेतरी छिद्र आहे, आणि ते बहुधा पफच्या आत, जिथे हात पोचत नाही.