वाचकांचे प्रश्न : टेस्ला कॉइलमधील कपॅसिटर का फुटतात?

प्रश्न : माझ्या स्पार्क गॅप पद्धतीच्या (दोन टोकांमधील फटीत ठिणगी पाडून चालणाऱ्या) टेस्ला कॉइलला, म्हणजे अतिउच्च दाबाच्या ठिणग्या काढणाऱ्या उपकरणाला, निऑन पाटीचा १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आहे. एकसर जोडणीत लावलेल्या आठ पॉलिस्टर कपॅसिटरपैकी (प्रत्येकी ०.०४७ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्ट डीसी) दोन थोड्याच वेळात फुगून फुटले. माल बनावट असेल का?

उत्तर : मालाला दोष देण्यापूर्वी हिशेब पाहावा. १५,००० व्होल्ट हे वर्गमाध्य मूळ (आरएमएस) मूल्य, म्हणजे बदलत्या दाबाचे एक प्रकारचे सरासरी मूल्य असून त्याचे शिखर सुमारे २१,२०० व्होल्टपर्यंत जाते, तर आपल्या साखळीची क्षमता अवघी १६,००० आहे. त्यातच तिची एकूण धारकता ५.९ नॅनोफॅरड होते आणि ५० हर्ट्झला या ट्रान्सफॉर्मरशी सुमारे ६.४ नॅनोफॅरडला अनुनाद (दोघांचा मेळ बसून दाब वाढत जाणे) होत असल्याने, ठिणगी वेळेवर न पडल्यास विद्युतदाब शिखराच्याही पुष्कळ वर चढतो. दुसरे कारण पॉलिस्टर हेच. लाखो हर्ट्झच्या दोलनांत त्याचा विद्युतरोधी पडदा पॉलिप्रॉपिलीनच्या कित्येक पट ऊर्जा उष्णतेत घालवतो. कपॅसिटर आतून तापतो, पडदा मऊ पडतो आणि शेवटी भेदला जातो. डीसीसाठी छापलेला आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही.

०.१५ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे, स्पंदप्रवाह (क्षणिक मोठे प्रवाह) सोसणारे सोळा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर एकसर जोडल्यास ३२,००० व्होल्ट आणि ९.४ नॅनोफॅरड मिळतील, म्हणजे अनुनादही टळेल. खर्च वाढेल, पण येथे काटकसर नको. ट्रान्सफॉर्मरवर सुरक्षा गॅप (दाब फार चढल्यास ठिणगी पडून तो उतरवणारी फट) बसवावा. प्रत्येक कपॅसिटरला समांतर १० मेगओहमचा उच्चदाबाचा रोधक लावावा, म्हणजे साठलेला भार त्यातून उतरेल; तरीही हात लावण्यापूर्वी वीज तोडून साखळीची दोन्ही टोके विद्युतरोधी दांड्याला बांधलेल्या तारेने जोडून ठेवावीत, कारण साठलेला भार जीवघेणा असतो.