फॉर्म कोणी भरला?

पत्र मानेवाडा रोडवरून आलंय, एका वडिलांचं. थोडक्यात असं: मुलगी बीएस्सी, संख्याशास्त्र घेऊन, ५८ टक्के. गेले आठ महिने एका संस्थेत सर्वेक्षणाचं काम करते. कुही-भिवापूरकडच्या गावांत घरोघरी जाऊन प्रश्न विचारते आणि उत्तरं मोबाइलवर भरते. अकरा महिन्यांचा करार, महिन्याला सोळा हजार. वडील लिहितात: "डिग्री घेऊन पोरगी दारोदार फिरून राहिली. संस्थेनं फोनही दिला तो डबडा, बटणांचा. त्याच्यात बोटं मारायचं काम तर दहावी नापास पोट्टंही करते. लोक विचारतात पोरगी काय करते, तर सांगायची लाज वाटते. मी तिच्या नावानं तीन परीक्षांचे फॉर्म भरून ठेवले आहेत. तिला अजून सांगितलं नाही. सर, आमचं ती ऐकत नाही, तुम्ही समजावा."

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ५८ टक्क्यांवरून पुढे गेलो आणि "तिला अजून सांगितलं नाही" या चार शब्दांपाशी थांबलो.

तीन फॉर्म भरलेत. फोटो घरात असेलच. सही कुठून आणलीत? कॉलेजच्या एखाद्या जुन्या कागदावरची कापून ऑनलाइन सेंटरवाल्यानं चिकटवली असणार. मोबाइल नंबर तुमचा दिला असणार, म्हणजे ओटीपी तुम्हालाच. मुलाला न विचारता इंजिनिअरिंगची सीट पक्की करून येणारे बाप मी बरेच पाहिलेत, त्यामुळे दचकलो नाही. पण तुमच्या बाबतीत एक गंमत आहे. ज्याची माहिती आहे त्याला न विचारता त्याचा फॉर्म भरून टाकणं, हा तुमच्या मुलीच्या कामात सगळ्यात मोठा गुन्हा. यासाठी त्या क्षेत्रात माणसाला त्याच दिवशी घरीसुद्धा पाठवू शकतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी कागदी सर्वेक्षण केलंय, रामटेकच्या पुढे देवलापारकडे. बारा पानी फॉर्म, पुठ्ठ्याचं पॅड, डोक्याला दुपट्टा. दुपारी एकच्या उन्हात दारं बंद असायची. एके दिवशी मी मोहाच्या झाडाखाली बसलो आणि उरलेले सात फॉर्म मनानंच भरून टाकले. नवरा ३५, बायको ३०, पोरं १० आणि ५. दोन दिवसांनी आमच्या पर्यवेक्षकांनी ते सात बरोबर बाजूला काढले. मी म्हटलं, सर, गावातली माणसं वय असंच ढोबळ सांगतात. ते म्हणाले, मोठ्यांचं सांगतात. तान्ह्या लेकराचं वय मात्र आई महिन्यासकट सांगते, आणि तुझ्या सात घरांत एकही लेकरू सव्वादोन वर्षांचं नाही. त्या सात घरांत मला पुन्हा पाठवलं, पायी. तो उन्हाळा अजून आठवतो.

आता तुमच्या "बोटं मारायच्या कामा"विषयी, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. तुम्हाला फक्त फोनवर चालणारी बोटं दिसतात. त्या बोटांआधी कोणीतरी ठरवलेलं असतं की कोणता प्रश्न कोणानंतर यायचा, "घरात गरोदर बाई आहे का" याला "नाही" आलं की पुढचे नऊ प्रश्न आपोआप गाळायचे, वयाच्या जागी ११० च्या वरचा आकडा फोननं घ्यायचाच नाही. बटणांच्या फोनवर तर हे आणखी अवघड. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं मावतात १६०, देवनागरी फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. तेवढ्या जागेत भिवापूरच्या आजीला कळेल असा प्रश्न बसवून दाखवा. म्हणून अशा फोनवर उत्तरं आकड्यांत घेतात, १ दाबा, २ दाबा. फॉर्म फोनमध्येच साठतो आणि टॉवर सापडला की जातो. तुम्ही डबडा म्हणता त्या फोनची बॅटरी दिवसभर टिकते, भर उन्हात पडदा वाचता येतो आणि पडला तरी जीव हळहळत नाही. संस्थेनं तो कंजूषपणानं दिला असेलही, पण तो दहावी नापास पोट्ट्याच्या हातात देऊन काम होत असतं तर बीएस्सीवाली कशाला शोधली असती?

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे याच कामातली एक मुलगी आली होती. पर्समधून तसलाच फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, सर, एक फॉर्म भरून बघा. प्रश्न होता, पिण्याचं पाणी कुठून आणता? १ नळ, २ विहीर, ३ हातपंप. मी ३ दाबलं. ती म्हणाली, आता मागे जा आणि खालचं बटण दाबा. दाबलं तर खाली चौथा पर्याय होता, टँकर. पडद्यावर एका वेळी तीनच ओळी मावत होत्या. ऐन मे महिन्यात काटोल-नरखेडकडच्या गावांत त्यांनी हा फॉर्म फिरवला होता आणि टँकरच्या रकान्यात शून्य आलं होतं. वरच्यांनी खूश होऊन अहवाल लिहायला घेतला. ही एकटी अडून बसली, कारण तिनं स्वतः टँकरमागे लागलेली रांग पाहिली होती. शेवटी पर्यायांचा क्रम बदलून त्या गावांत पुन्हा विचारावं लागलं. हे त्या पोरीला कोणत्या क्लासमध्ये शिकवलं असतं?

आणि यंत्र सगळं सांभाळतं असंही समजू नका. गुजरातमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांकडून साध्या मोबाइलवर तीन तऱ्हांनी माहिती भरून घेऊन पाहिली होती. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. फोनवरच्या फॉर्ममध्ये चुका ४.२ टक्के, एसएमएसमध्ये ४.५ टक्के. आणि तीच माहिती फोन लावून पलीकडच्या माणसाला तोंडी सांगितली तेव्हा ०.४५ टक्के. जवळजवळ दहापट फरक! पलीकडचा माणूस "काय म्हणालात, सत्तर की सतरा?" असं विचारू शकतो, आणि फॉर्म फक्त त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच विचारतो. त्याला शिकवणारी माणसं कमी आहेत. तुमची मुलगी त्यांच्यातली एक होऊ शकते. अजून झालेली नाही, त्यावर पुढे बोलतो.

लाजेचं म्हणाल तर पत्रातच एक वाक्य आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल. गावच्या चार एकर संत्र्याची ई-पीक पाहणी तुम्ही दरवर्षी शेजारच्या पोराकडून करून घेता, कारण "ते ॲप आपल्याला जमत नाही". राज्यात २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलवर पीक नोंदवायचं ठरलं, तेव्हापासून अख्ख्या विदर्भाचे बाप कोणाच्या तरी पोराला शोधत फिरताहेत. तो पोरगा तुमच्यासाठी करतो तेच काम, जास्त काटेकोरपणे, तुमची मुलगी शेकडो घरांसाठी करते. त्याचं तुम्ही कौतुक केलंय. हिची लाज वाटते म्हणता. चौकातल्या लोकांना काय सांगायचं हा प्रश्न खरंच पडला असेल तर सांगा, पोरगी सर्वेक्षण करते. शब्दही भारदस्त आहे.

परीक्षांबद्दल एकच ओळ, कारण बाकी तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे: तलाठी, बँक, एमपीएससी या वाटा चांगल्या आहेत, ज्याला जायचंय त्याच्यासाठी. पण तिची पदवी संख्याशास्त्राची आहे, तर तुम्ही न भरलेली परीक्षाच तिच्या जवळची निघेल. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, सीजीएल परीक्षेतून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर होता येतं आणि त्याच्या वर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. आता ऐका. केंद्राच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं काय करतात? हातात टॅबलेट घेऊन घरोघरी जातात, प्रश्न विचारतात आणि बोटं मारतात. मग ते बघून मात्र तुम्ही पेढे वाटाल.

जनगणनेचं कोणी सांगेल तर त्याला भुलू नका. २०२७ ची जनगणना देशात पहिल्यांदाच मोबाइल ॲपवर होतेय हे खरं, पण प्रगणक म्हणून मुख्यतः शिक्षकच नेमले जातात. त्यात तिला नोकरी नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारायला हवी होती आणि पत्रभर कुठेच विचारली नाही. मुलगी गावांत एकटी जाते की जोडीनं? परतीची शेवटची एसटी चुकली तर कोण आणतं? गाडी स्वतःची असेल तर पेट्रोल कोण देतं? अपघात विमा आहे का? करारात पगार महिन्यावर लिहिलाय की फॉर्मवर? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. जिथे फॉर्ममागे पैसे मिळतात तिथे झाडाखाली बसायचा मोह होतोच, आणि पकडला जातो तो खालचा माणूस. याची उत्तरं वाईट आली तर ही संस्था सोडायला मी स्वतः तिला सांगेन. बापानं काळजी करायची ती इथे. चौकातले लोक काय म्हणतात तिथे नाही.

इथून पुढचं पत्र तुमच्यासाठी नाही. तिला वाचायला द्या.

बेटा, बाबांची बाजू घेत नाहीये, पण आठ महिन्यांनंतरही तू फक्त फॉर्म भरतच असशील तर त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. या कामात पहिलं वर्ष पाय झिजवण्यात जातं, आणि गेलंच पाहिजे. घरात न शिरता ज्यानं फॉर्म बनवला त्याचा फॉर्म लगेच ओळखू येतो. दुसरं वर्षही तसंच गेलं तर मात्र तू तिथेच राहशील. सोळाचे अठरा हजार होतील, करार अकराच महिन्यांचा राहील. म्हणून हा करार संपायच्या आत एक कर. मोबाइलवरचे सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायची कोबो आणि ओडीके ही दोन्ही साधनं फुकट शिकता येतात. फॉर्म साध्या एक्सेलच्या पत्रकात लिहायचा असतो: एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, एकात मजकूर, एकात तो कधी दाखवायचा ती अट. संस्थेत हे कोण करतं ते शोध आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बस. तुमच्या आत्ताच्या फॉर्ममधला कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्याला नाही. तिथून सुरुवात कर.

त्याच्या जोडीला 'आर' (R) ही आकडेवारीची संगणक-भाषा शीक. गोळा केलेल्या माहितीतून स्वतः तक्ता काढता येत नसेल तर ती माहिती कायम दुसऱ्याचीच राहते. पुढे एमएस्सी करायची असेल तर ती विद्यापीठात कर. लोकसंख्येच्या अभ्यासाची ओढ वाटली तर मुंबईत देवनारला त्याच विषयाची आयआयपीएस ही संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिथूनच चालतं. आणि नागपूर सोडायचंच नसेल तर डोळे उघडून बघ. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आपल्या गावात, कापूस संशोधन संस्था आपल्या गावात, पर्यावरण संशोधनाची नीरी आपल्या गावात, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही इथेच. प्रकल्पापुरती भरती या ठिकाणी निघत असते. तीही करारावरचीच असते, बाबांना पुन्हा आवडणार नाही. पण तिथे तुला कोणी "फॉर्म भरणारी" म्हणणार नाही.

आणि त्या तीन परीक्षा. तुझ्या नावानं भरल्या आहेत, तुला आत्ताच कळतंय, राग येईल. येऊ दे. मात्र रागावून त्या बुडवू नकोस, आणि बाबांना बरं वाटावं म्हणून देऊही नकोस. अभ्यासक्रम काढून बघ, एखादी तुला हवी असेलही.

भाऊ, पुन्हा तुमच्याकडे येतो, एवढ्यासाठीच की तिन्ही फॉर्मचे लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या डायरीत आहेत. ते आज तिला द्या. नोंदवलेला मोबाइल नंबर बदलता येत असेल तर तिचा टाकून घ्या, ऑनलाइन सेंटरवाल्याला माहीत असेल.